नामे इंग्रजी, क्रियापदे मराठी

‘उमेदवार’ हा शब्द आता निवडणुकांनी इतका बळकावला आहे, की त्याचा जुना अर्थ मुद्दाम सांगावा लागतो. उमेद बाळगून असलेला तो उमेदवार. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत रुळला तो कचेऱ्यांच्या ओसरीवर. एखादी जागा रिकामी होईल, साहेबाची मर्जी बसेल, या आशेवर बिनपगारी राबत राहणे म्हणजे उमेदवारी करणे. पुढे १९६१ साली अप्रेंटिसांसाठी केंद्राचा कायदा झाला आणि त्यांना सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ हे नाव मिळाले. शिकणे आणि आशा करणे या दोन क्रिया या जोडशब्दात आहेत. काम करणे ही तिसरी क्रिया नाही. भाषेने ही निवड नकळत केली असेल, कायद्याने ती जाणीवपूर्वक केली आहे. त्याचे अठरावे कलम सांगते, की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे. सुरक्षा, अपघाताची भरपाई अशा काही तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, असे बाविसावे कलम म्हणत असे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ज्या त्या मालकाने आपले धोरण आपणच ठरवायचे आहे.

जुलै १९९९ पासून एक वर्ष मी असा उमेदवार होतो. यंत्र अभियांत्रिकीची पदविका हातात होती आणि पिंपरी-चिंचवड भागात मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात मला घेतले होते. (तिथे ‘देखभाल’ कोणी म्हणत नाही; मेन्टेनन्स म्हणतात.) आज मी मराठी शिकवतो. ते वर्ष मी बराच काळ माझ्या चुकलेल्या वाटेत जमा धरत होतो. अलीकडे मात्र एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. मराठी साहित्याला कामगार माहीत आहे, काम फारसे माहीत नाही. आणि यातला तोटा कामगाराइतकाच मराठीचाही आहे. हे म्हणणे मला पटवून द्यायचे आहे.

ज्यांचे पुणे लकडी पुलाच्या दोन्ही बाजूंना संपते, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टेल्कोने पुण्यात पाय रोवला तो १९६६ मध्ये. आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी होत्याच. १९९५ पासून पिंपरीत मर्सिडीझ जुळू लागली, १९९८ च्या अखेरीस इंडिका बाजारात आली, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात थांबलासुद्धा. या सगळ्यात इंडिकेची एक कथा मला विशेष वाटते. नव्या गाडीसाठी टाटांनी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, तो सुटा केला, जहाजांतून पुण्याला आणला आणि येथे पुन्हा जुळवला. म्हणजे भारतीय बनावटीच्या त्या पहिल्या मोटारीमागच्या यंत्रांना आधीचा एक जन्म होता. परक्या हातांनी वापरलेली यंत्रे येथल्या हातांनी ओळखीची करून घेतली. ही ओळख कशी झाली असेल, कोणत्या भाषेत झाली असेल, याची नोंद कोणी केली आहे का? मालकांची चरित्रे निघाली, गाडीच्या जन्मकथा निघाल्या. त्यांत हे हात ओझरतेच दिसतात.

देखभाल विभाग काही बनवत नाही. मोटार बनवतो तो उत्पादन विभाग. सगळे सुरळीत असते तेव्हा देखभालीची माणसे रिकामी बसलेली दिसतात, आणि साहेब लोकांच्या डोळ्यांत खुपतात. काही बिघडले की सगळा कारखाना त्यांच्याकडे पाहू लागतो, आणि तेही रागानेच. मी होतो त्या वेल्ड शॉपमध्ये पत्र्याचे सुटे भाग एकमेकांना जोडून मोटारीचा सांगाडा तयार होई. एका सांगाड्याला ठिपक्यांसारखे काही हजार जोड लागतात. तांब्याची दोन टोके पत्र्याला दोन्हीकडून चिमटीत धरतात, वीज जाते, ठिणग्या उडतात, जोड बसतो. हा खेळ दिवसरात्र तीन पाळ्यांत चाले. एक जागा थांबली की तिच्या मागची सगळी रांग थांबे, आणि दर मिनिटाला कोणीतरी घड्याळाकडे पाही.

माझे गुरू सातारा जिल्ह्यातले होते. औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन आलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना सगळे काका म्हणत. पहिला महिनाभर त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक मोटरच्या बेअरिंगपाशी टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचे, एवढेच काम. पहिल्या दिवशीचा संवाद मला अजून आठवतो.

“काय ऐकू येतंय?”

“आवाज येतोय, काका.”

“कसला?”

“मोटरचा.”

“मोटरचा आवाज मला इथनंबी येतोय. त्यातला कुठला, ते सांग.”

मला सांगता येईना. हळूहळू कळू लागले, की काकांजवळ आवाजांची एक वर्गवारी आहे आणि ती शब्दांत बांधलेली आहे. खरखर म्हणजे वंगण सुकले, आठवडाभर चालेल. किरकिर म्हणजे कचरा शिरला. टकटक ठरावीक अंतराने येत असेल तर बेअरिंगच्या कडीला कुठेतरी खपली निघाली आहे, मशीन एक फेरी पुरी करते तेव्हा एकदा ती जागा लागते. खडखड म्हणजे बोल्ट ढिला. कुईकुई पट्ट्याची. घुं घुं असा आवाज आला तर मोटरवर वजन पडले आहे, तेव्हा मोटरकडे न पाहता ती काय ओढते आहे तिकडे पाहायचे. शालेय व्याकरणात अभ्यस्त शब्दांच्या धड्यात ‘अनुकरणवाचक’ म्हणून आपण हे शब्द शिकवतो, चार उदाहरणे देतो आणि पुढे जातो. कवितेत ते आले तर नादमाधुर्य म्हणतो. किरकिर आणि खरखर यांच्यातल्या फरकावर एक अख्खी पाळी वाचते किंवा बुडते, हे मी कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात वाचलेले नाही.

आता ज्या प्रसंगाभोवती माझे हे सगळे म्हणणे उभे आहे, तो सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. सांगाड्याची डावी बाजू जोडणाऱ्या जागी रात्रपाळीत लाईन थांबू लागली. पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास पडद्यावर संदेश येई, की अमुक क्रमांकाचा क्लॅम्प बंद झालेला नाही. क्लॅम्प म्हणजे पत्रा दाबून धरणारा लोखंडी हात. तो हवेच्या दाबावर चालतो. तो बंद झाला, हे सांगायला शेजारी एक प्रॉक्झिमिटी स्विच असतो. तिथे जाऊन पाहावे तर क्लॅम्प व्यवस्थित बंद. मग दोष स्विचचा. स्विच बदलला. दोन रात्रींनी पुन्हा तेच. पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा वायरही बदलली. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत मात्र तक्रार नाही. रजिस्टरमध्ये एका आठवड्यात तीन नोंदी झाल्या, तिन्ही जवळजवळ एकाच शब्दांत: ‘प्रॉक्झिमिटी स्विच बदलला. लाईन चालू.’ त्यांतल्या दोन माझ्या हस्ताक्षरातल्या होत्या.

चौथ्या खेपेस काका स्वतः रात्रपाळीला आले. पेटी उघडली नाही. पाऊण तास नुसते त्या जागेसमोर उभे राहिले. उत्पादनाचा सुपरवायझर मागे येरझाऱ्या घालत होता. मग त्यांनी क्लॅम्पच्या सिलेंडरवर तळवा ठेवला, जसा आपण तापाच्या मुलाच्या कपाळावर ठेवतो, आणि मला म्हणाले, “आळसावलाय.” क्लॅम्प बंद होत होता, पण किंचित उशिरा. यंत्राला दिलेली वेळ संपून जाई आणि पडदा ओरडे. आम्ही पोहोचेपर्यंत क्लॅम्प बंद झालेला असे. पडदा स्विचचे नाव घेत होता म्हणून आम्ही स्विच बदलत होतो. सिलेंडर का आळसावला? हवेत पाणी होते. पावसाळ्यात दाबलेल्या हवेतून पाणी सुटते. ते नळीवरच्या गाळणीत साठते आणि तिच्या बुडाशी असलेला ऑटो ड्रेन ते आपोआप बाहेर टाकतो. तो ड्रेन चोंदला होता, कोण जाणे किती महिन्यांपासून. गाळणी भरली की पाणी पुढे झडपेत जाई आणि झडप चिकटू लागे.

एवढ्यावर बहुतेक जण थांबले असते. काका थांबले नाहीत. “दिवसा का होत नाही?” असे ते स्वतःशीच दोनदा म्हणाले. सकाळी घरी न जाता पहिल्या पाळीत तिथेच बसून राहिले. साडेनऊच्या सुमारास झाडलोट करणारा कंत्राटी कामगार आला. त्याने फरशी पुसली, जाता जाता गाळणीखाली बादली धरली, बुडाची चावी बोटाने दाबून पाणी काढून टाकले आणि निघाला. काकांनी त्याला हाक मारली. तो घाबरला; आपली चूक झाली असे त्याला वाटले. गाळणीतून पाणी ठिबकते, फरशी ओली राहते, बोलणी खावी लागतात, म्हणून सकाळी आणि दुपारी दोन वेळा तो ते काढून टाकत असे. कोणी सांगितले नव्हते. रात्री झाडलोटीला कोणी नसे, म्हणून पहाटेपर्यंत गाळणी भरत असे. म्हणजे कित्येक महिने ती लाईन एका झाडूवाल्याच्या बोटावर चालली होती, आणि हे त्यालाही माहीत नव्हते. पाऊस वाढला तेव्हा त्याची दोन वेळची चावी रात्रीला पुरेनाशी झाली, एवढेच.

रजिस्टरमध्ये मी लिहिले: ‘ऑटो ड्रेन बदलला. लाईन चालू.’

ही पाच शब्दांची नोंद लिहिताना मला काही वावगे वाटले नाही. रकाना तेवढाच होता, आणि वरिष्ठ अभियंते म्हणत, कथा लिहू नका. आता वाटते, की त्या रकान्यात मावले नाही तेच नेमके ज्ञान होते: ‘आळसावलाय’ हे निदान, ‘दिवसा का होत नाही’ हा प्रश्न, आणि बादली. पुढल्या पावसाळ्यात दुसऱ्या एखाद्या गाळणीचा ड्रेन चोंदेल तेव्हा नवा शिकाऊ उमेदवार रजिस्टर उघडेल. त्याला स्विच बदलल्याच्या तीन नोंदी सापडतील, आणि तो स्विच बदलेल.

भाषेच्या माणसाला यात एक गोष्ट दिसायला हवी. काकांच्या बोलण्यातली बहुतेक नामे इंग्रजी होती. सिलेंडर, व्हॉल्व्ह, रिले, मोटर, बेअरिंग. क्रियापदे एकजात मराठी. बेअरिंग ओरडते, मोटर धापा टाकते, रिले चिकटतो, ऑइल सील रडते, वायर मरते, आटे जातात, सिलेंडर आळसावतो. नाव हे वस्तूबरोबर पेटीत बंद होऊन जर्मनीहून किंवा जपानहून येते. वस्तूचे वागणे मात्र पेटीत येत नाही. ते येथे, या हवेत, या पाण्यात, या हातांसमोर घडते, आणि त्याला शब्द येथलाच लागतो. ज्ञान वस्तूच्या नावात कमी असते, तिच्या वागण्यात जास्त. म्हणून कारखान्यातली मराठी ‘भ्रष्ट’ आहे, इंग्रजीने बरबटलेली आहे, असे कोणी म्हटले की मला ते नामे मोजून काढलेले अनुमान वाटते. क्रियापदे मोजा.

आपल्या परिभाषाकारांनी नेमके उलटे केले. त्यांनी नामे घडवली. बेअरिंगला धारवा, पिस्टनला दट्ट्या, गिअरला दंतचक्र. मराठी विश्वकोशात हे शब्द आहेत, आणि मी त्यांची टिंगल करणार नाही. दट्ट्या हा तर अस्सल शब्द आहे, आणि झडप व वंगण हे कारखान्यातही थोडेफार चालतात. पण ज्यांच्या तोंडी हे शब्द घालायचे होते त्यांना कोणी विचारले नाही, की बेअरिंगचे नाव राहू द्या, ते बिघडते तेव्हा तुम्ही काय म्हणता? तो कोश झाला असता तर आयटीआयच्या मुलांनी तो खिशात बाळगला असता. इंग्रजीतून भाषांतर करून तो होण्यासारखा नव्हता. त्यासाठी रात्रपाळीला जावे लागले असते.

साहित्याचे काय? मराठीत कामगार नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. मामा वरेरकरांच्या गिरणी कामगारांवरील कादंबरीच्या नावातच धोटा आहे. अण्णा भाऊ साठे आहेत. १९६२ चा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ चा ‘माझे विद्यापीठ’ घेऊन नारायण सुर्वे आले आणि मराठी कवितेचा पत्ताच बदलला. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये एका खोलीत उभे केले. यांतल्या कोणाचेही मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण या परंपरेतला कामगार आपल्याला भेटतो तो बहुधा पाळी सुटल्यावर: चाळीत, मोर्चात, संपात, दारूच्या गुत्त्यावर, पगाराच्या रांगेत. त्याची भूक आपण वाचली, त्याचा संताप वाचला. साच्यासमोर उभा असताना, तुटलेला धागा बोटांत येतो त्या क्षणी त्याला काय कळत असते, हे क्वचित वाचले. शोषित म्हणून त्याच्यावर आपण प्रेम केले. जाणता म्हणून त्याच्याकडून काही शिकलो नाही. आणि पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांच्या वाट्याला तर गिरणगावाच्या मानाने हे प्रेमही कमीच आले. येथे चाळ नव्हती, कंपनीची बस होती. ती माणसाला वेगवेगळ्या उपनगरांत सोडून देई. साहित्याला लागणारा शेजार येथे तयारच झाला नाही, हे त्याचे एक कारण असावे.

हे नेहमीच असे होते असेही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये नांगराचा कारखाना किर्लोस्करवाडीच्या माळावर नेला, आणि १९२० मध्ये त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती तिचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. मराठीतले एक अग्रगण्य वाङ्मयीन मासिक नांगराच्या फाळाशेजारी जन्मले, ही गोष्ट आपण वाङ्मयेतिहासात एका वाक्यात उरकतो. लोखंड ओतणे आणि कथा छापणे ही एकाच आवारातली कामे होती, याचे त्या काळी फारसे कोणाला नवल वाटले नसावे.

त्याच्याही फार मागे जाता येते. गोरोबाकाकांची कथा सर्वांना माहीत आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले; कोणते मडके पक्के, कोणते कच्चे. नामदेव कच्चे ठरले. कीर्तनकार या कथेतून अहंकाराचा बोध काढतात, तो बरोबरच आहे. पण कथा सांगणाऱ्याला हे पक्के ठाऊक आहे, की भाजलेले आणि न भाजलेले मडके आवाजावरून ओळखता येते, आणि ते ओळखण्याचा अधिकार कुंभाराचा आहे, विद्वानाचा नव्हे. काकांचा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला तेव्हा मला ही कथा आठवली असती तर लेख अधिक शोभिवंत झाला असता. आठवली नाही. ती मला एम.ए.च्या वर्गात, सावता माळ्याच्या आणि नरहरी सोनाराच्या अभंगांतले त्यांच्या धंद्याचे शब्द शिकताना आठवली, आणि तेव्हा थोडे शरमल्यासारखे झाले. सातशे वर्षांपूर्वी आपल्या कवितेला मळा आणि बागेसरी चालत होती. मग बेअरिंग का चालू नये?

माझ्या एका सहकाऱ्याचे यावर म्हणणे असे, की यंत्राचे तपशील म्हणजे साहित्य नव्हे, ते माहितीपत्रक होते. आक्षेप गंभीर आहे. तपशिलांचा ढीग कंटाळवाणा होतो, हे मी नाकारत नाही. पण शेतीच्या तपशिलांचाही होतो, आणि ग्रामीण कादंबरीला आपण ती सवलत दिलेलीच आहे. प्रीमो लेवी या इटालियन लेखकाने १९७८ मध्ये ‘ला किआवे आ स्तेल्ला’ हे पुस्तक लिहिले. देशोदेशी जाऊन पूल आणि क्रेन उभारणारा एक जोडारी आपल्या कामाच्या हकिगती सांगतो आणि लेखक ऐकतो, एवढाच त्याचा घाट आहे. लेवी आउश्वित्झमधून वाचलेला होता. कामाच्या नावाखाली माणसाचे काय करता येते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी त्याने कामावरच्या प्रेमाचे पुस्तक लिहिले. हा विषय निघाला की रॉबर्ट पर्सिगच्या मोटारसायकलच्या पुस्तकाचे नाव हमखास पुढे येते. ते मोठे पुस्तक आहे, पण मला येथे उपयोगी नाही. पर्सिग स्वतःची मोटारसायकल दुरुस्त करतो, स्वतःच्या वेळेत. काका दुसऱ्याची लाईन दुरुस्त करत होते, पहाटे चार वाजता, मागे सुपरवायझर येरझाऱ्या घालत असताना. दोघांच्या तत्त्वज्ञानात फरक पडणारच.

दुसरा आक्षेप माझा मलाच आहे. कामाच्या गौरवातून शोषणावर पांघरूण पडते. ‘कुशल हात’, ‘कौशल्य विकास’ हे शब्द सरकारी जाहिरातींना फार प्रिय आहेत. २०१६ पासून शिकाऊ उमेदवारांना उत्तेजन देण्याची राष्ट्रीय योजना आहे. विद्यावेतनाचा काही वाटा सरकार उचलते, आणि दर वर्षी मुलांची नवी तुकडी कारखान्यांच्या फाटकांतून आत जाते. त्यांतली अनेक मुले पुढल्या वर्षी दुसऱ्या फाटकावर पुन्हा शिकाऊ म्हणून किंवा कंत्राटी म्हणून उभी राहतात. कायद्याच्या लेखी ती काम करीत नसतात. गंमत अशी, की कारखान्यात मी वाचलेले सर्वांत महत्त्वाचे मराठी वाक्य दुरुस्तीच्या वेळी मुख्य स्विचवर टांगण्याच्या पाटीवर होते: ‘माणसे काम करीत आहेत. स्विच चालू करू नये.’ पाटीच्या आड मी असे तेव्हाही तिच्यावर ‘माणसे काम करीत आहेत’ असेच असे, ‘प्रशिक्षणार्थी शिकत आहेत’ असे नसे. विजेला कलम अठरा ठाऊक नव्हते.

म्हणूनच मला वाटते, की जाणतेपण लिहिणे आणि अन्याय लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याला काही येत नाही त्याला दर वर्षी बदलले तर कोणाचे काय बिघडते? ज्याला ऐकू येते त्याला बदलले तर काय जाते, हे दाखवायचे तर आधी त्याला काय ऐकू येते ते लिहावे लागेल. जुलै २००० मध्ये माझी मुदत संपली. सुरक्षाबूट आणि गेटपास जमा केले, प्रमाणपत्राची पोच दिली. आमच्या तुकडीतल्या कोणालाच ठेवून घेतले नाही. त्यात अन्याय झाला अशी माझी त्या वेळी समजूत नव्हती, करारात तसे लिहिलेच होते. काकांना सांगायला गेलो तेव्हा ते एका गिअर बॉक्सवर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, “आत्ता कुठं तुला ऐकू यायला लागलं हुतं.” पुढे काही वर्षांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली असे कळले. त्यांच्या कानात काय काय होते, ते कोणी लिहून घेतले असेल असे वाटत नाही. मीही घेतले नाही, आणि माझ्याजवळ एक अख्खे वर्ष होते.

मी शिकवतो त्या वर्गात आज चाकण, तळेगावला शिकाऊ उमेदवारी करून बहिःस्थ बी.ए. करणारी मुले आहेत. निबंधाला बसली की ती ‘श्रमाचे महत्त्व’ लिहितात: घाम, प्रामाणिकपणा, काळी आई. ही भाषा त्यांना आम्ही शिकवली आहे. गेल्या सत्रात मी विषय दिला, ‘तुम्ही दुरुस्त केलेली एक वस्तू’. एकाने दीड पान लिहिले. तो रोबोटवर काम करतो. त्यात एक वाक्य होते, की सोमवारी सकाळी रोबोट गार असतो, म्हणून पहिले काही ठिपके तो ‘मनापासून’ मारत नाही. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या, त्या मी लाल शाईने दाखवल्या. सवय जात नाही. मग ‘मनापासून’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि त्याला विचारले, म्हणजे नेमके काय होते? तो आधी ओशाळला, शब्द खोडू का म्हणाला. मी नको म्हटल्यावर खुर्ची ओढून बसला आणि बोलू लागला. कॉलेजचा शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा तो थंड पाण्याच्या नळ्यांपर्यंत पोहोचला होता. उरलेले रविवारी लिहून आणतो म्हणाला आहे. या आठवड्यात त्याची रात्रपाळी आहे.